दिवा आपला, डोळे समोरच्याचे

मोटरसायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला तिच्या हेडलाइटचा बल्ब घरच्या घरी बदलता आला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पैसे वाचतील म्हणून हे सांगत नाही. या कामाचे मेकॅनिक फार पैसे घेतही नाही. अडचण अशी, की बल्ब जातो रात्री आणि मेकॅनिक भेटतो सकाळी. सकाळी उजाडलेले असते, त्यामुळे बल्ब आठवत नाही. संध्याकाळी आठवतो तेव्हा आपण रस्त्यावर असतो. असे करत दोन आठवडे सहज जातात.

साध्या हॅलोजन बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, एक अपरची आणि एक डिपरची. 1 एप्रिल 2017 पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. दिवसभर जळते ती बहुतेकांची डिपरची फिलामेंट, त्यामुळे आधी तीच जाणार. खरा घोळ इथे होतो. पूर्ण अंधार झाला तर माणूस थांबेल. पण डिपर गेला की तो अंगठ्याने बटण सरकवतो आणि अपरवर गाडी हाकतो. लाइट आहे, त्याला स्वतःला चांगले दिसते, मग घाई कसली? त्याच्या समोरून येणाऱ्याला मात्र काहीच दिसत नाही.

आमचा एक हवालदार रजेवर कोल्हापूरकडे गावी गेला होता. ऊसतोडीचा हंगाम. रात्री समोरून अपर लावलेली मोटरसायकल आली, दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड, आणि तेवढ्यात रस्त्याकडेला उभी असलेली उसाची ट्रॉली. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता, हेही खरे. जीव वाचला, पण पाय पूर्ववत झाला नाही. मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि नायब सुभेदारीची वाट बंद झाली. अपरवाला पुढे निघून गेला. आपल्या मागे काय झाले, हे त्याला आजही माहीत नसेल. त्याचा डिपर गेलेला होता की त्याला डिपर देण्याची सवयच नव्हती, हे कोण सांगणार? पण भटिंड्यापासून दिन्जानपर्यंत जिथे जिथे पोस्टिंग झाले, तिथे कायम अपरवर धावणाऱ्या मोटरसायकली मी रोज पाहिल्या आहेत. दिन्जानला डिसेंबरात साडेचारलाच दिवस मावळतो. भटिंड्याच्या धुक्यात तर अपर उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो, समोर दुधाची भिंत उभी राहते.

आता काम. वेळ पंधरा मिनिटे, हत्यार एक स्क्रू ड्रायव्हर. इग्निशन बंद करून दिवा गार होऊ द्या. हेडलाइटच्या रिंगचे किंवा बाजूचे स्क्रू सैल करून दिवा पुढे काढा. मागचा तीन पिनांचा सॉकेट धरून ओढा, वायर धरून ओढू नका. रबरी टोपी काढा, स्प्रिंगची क्लिप दाबून बाजूला करा, बल्ब हातात येईल. त्याच्या धातूच्या बुडावर प्रकार आणि वॅट लिहिलेले असतात. बऱ्याच लहान मोटरसायकलींना एचएस1, 35/35 वॅट लागतो. बुलेटसारख्या मोठ्या गाडीला एच4, 60/55 वॅट. जो निघाला तोच आणा.

नवा बल्ब बुडाला धरा. काचेला बोट लावू नका, कारण बोटाचे तेल काचेवर राहते, तिथेच काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलेच बोट तर स्पिरिटने पुसा. बल्बचे तीन कान सारखे नसतात, त्यामुळे तो एकाच पद्धतीने बसतो. जोर लावावा लागला तर तो चुकीचा धरला आहे. रबरी टोपी घट्ट बसवा, नाहीतर पावसाळ्यात दिव्यात पाणी जाईल. स्क्रू आवळण्यापूर्वी अपर-डिपर दोन्ही लावून पाहा. मग रात्री भिंतीसमोर पाच मीटरवर गाडी उभी करून तिच्यावर बसा. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खालीच हवी.

जुना बल्बही फेकण्यापूर्वी पाहा. काच आतून काळी असेल तर त्याचे आयुष्य संपले होते. दुधी पांढरी असेल तर आत हवा शिरली. आणि बल्ब वारंवार जात असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीचा व्होल्टेज मोजा. चौदाच्या आसपास ठीक. पंधराच्या वर जात असेल तर दोष रेग्युलेटरचा आहे, कितीही बल्ब बदला.

इथे तरुण पोरे म्हणतात, "सर, एलईडी डाल देते हैं, दिन जैसा उजाला." युक्तिवाद दिसायला बरोबर आहे. पण एच4 बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडू देते, म्हणून तो रस्त्यावर उतरतो. रिफ्लेक्टरची सगळी आखणी त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेली असते. बाजारातला एलईडी त्यात खुपसला की बहुतेक वेळा ती जागा आणि आकार चुकतो, आणि डिपरवरही उजेड समोरच्याच्या तोंडावर जातो. कंपनीतूनच एलईडी हेडलाइट घेऊन आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी, तिची घडणच त्यासाठी असते. पण त्यातल्या बऱ्याच दिव्यांत बदलायला बल्बच नसतो. बिघडला की अख्खा दिवा बदला. ही सोय की गैरसोय, ते ज्याचे त्याने ठरवावे. शंभर वॅटचा हॅलोजन हा दुसरा उपाय त्याहून वाईट: सॉकेट वितळतो, वायरिंग जळते.

फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी फर्स्ट परेड असते. तेल, पाणी, हवा, ब्रेक, दिवे. रोज, मग काल सगळे ठीक असले तरीही. खडकवासल्याला कॅडेट असताना सायकल बिघडली म्हणून उशीर झाला, हे कारण चालत नसे. त्या वयात ते जाचक वाटायचे. आज वाटते, आपल्या हातातल्या यंत्राची जबाबदारी आपली, एवढा साधा नियम नागरी रस्त्यावर उतरला तर पुष्कळ होईल.

आमच्या युनिटमध्ये स्वतःच्या मोटरसायकलवर रजेला निघणाऱ्या जवानाचे अपर-डिपर आता गेटवर तपासतात. सीटखाली एक जादा बल्ब, कापडात गुंडाळलेला, असलाच पाहिजे. सुरुवातीला कुरकुर झाली. सुभेदार साहेबांनी एका रविवारी सगळ्यांना स्वतःच्या हाताने बल्ब काढून परत बसवायला लावला, तेव्हा ती थांबली.

तुमच्या घरी गेट नाही आणि सुभेदार साहेबही नाहीत. म्हणून आज रात्री गाडी भिंतीसमोर लावा आणि डिपर लागतो का, तेवढे पाहा.