माळ्यावरचें जुडगें

कोंकणांतील पुष्कळ जुन्या घरांत माळ्यावर तारेंत ओंवलेलीं पत्रें सांपडतात. मुंबई, बडोदें, इंदूर अशा ठिकाणीं कारकुनीस गेलेल्या मुलांनीं एकोणिसाव्या शतकांत तीं घरीं धाडलेलीं. १८५४ सालीं टपालाचा दर देशभर एकच झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, मग तें पनवेलीस जावो कीं पेशावरास. नाटपेड आलें तर घेणाऱ्यास दुप्पट भुर्दंड. १८७९ त पैशाचें कार्ड निघालें, १८८० त मनीऑर्डर.

पत्रें वाचूं लागावें तों प्रथम निराशाच होते. ‘तीर्थरूप स्वामींचे सेवेसी, अपत्यें कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ यांतच कार्डाचा बराच भाग संपे. उरलेल्या जागेंत पाठविलेले रुपये, पाऊसपाणी, गाय व्याली कीं नाहीं. वडिलांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. पत्नी या दोहोंत कोठेंच बसत नसे, म्हणून तिचा उल्लेखहि नसे. कार्ड कोणीहि वाची, ऐके सारें घर. त्यांत मनांतलें लिहावें तरी कसें?

आणखी एक रीत होती. अशुभ वार्तेच्या पत्रावर ‘श्री’ घालीत नसत, आणि वाचून झालें कीं तें फाडून टाकीत. त्यामुळें तारेंत राहिलीं तीं खुशालीचींच.

आमच्या घरीं पणजोबांनीं मुंबईहून लिहिलेलीं चाळीसएक कार्डें आहेत. (आम्हां कोणासच मोडी येत नाहीं, एका जाणत्या गृहस्थांकडून वाचून घ्यावीं लागलीं, याची लाज वाटली.) धाकटे बंधु शिकण्यास त्यांचेजवळ असत, प्रत्येक कार्डाच्या शेवटच्या ओळींत त्यांचाहि साष्टांग नमस्कार आहे. १८९६ च्या भाद्रपदांत मुंबईस प्लेग उघडकीस आला. शके १८१८ च्या पौषांतील कार्डांत ती ओळ आहे. पुढें तीन महिने कार्डच नाहीं. नंतरचें कार्ड शके १८१९ च्या चैत्रांतलें. मायना तोच, अक्षर तेंच, रुपये सहा पाठविल्याचें लिहिलें आहे, आंबे कितपत धरले तेंहि विचारलें आहे. शेवटची ओळ नाहीं. त्यानंतरच्या एकाहि कार्डांत ती नाहीं.

मधलें पत्र अर्थातच कोणी ठेविलें नाहीं. मात्र चैत्रांतल्या त्या कार्डांत, मातोश्रींनीं अन्न टाकूं नये, हें दोन वेळां लिहिलेलें आहे.