एबी फॉर्मवर सही तुमची असते

प्रति,
सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष, महाराष्ट्र



खालचे आकडे तुमच्याच उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांतले आहेत. विरोधकांचा कट म्हणून ते झटकता येणार नाहीत. 2024 च्या विधानसभा निकालानंतर असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने 286 आमदारांची प्रतिज्ञापत्रे तपासली. 187 जणांवर फौजदारी गुन्हे निघाले, 118 जणांवर गंभीर. 2019 मध्ये गुन्हे नोंद असलेले आमदार 62 टक्के होते, आता 65 टक्के आहेत. लोकसभेत असे खासदार 2009 साली 162 होते, 2014 ला 185, 2019 ला 233, 2024 ला 251. एकदाही आकडा खाली आलेला नाही.

यावर तुमचे उत्तर ठरलेले: जनतेने निवडून दिले. हे अर्धसत्य आता पुरे. आमच्या आधी तुम्ही निवडता. पक्षाची अधिकृत उमेदवारी देणाऱ्या एबी फॉर्मवर सही तुमची असते. सगळ्याच पक्षांनी तसलेच उमेदवार दिले तर आम्ही बटण कोणाचे दाबायचे? नोटाला सर्वाधिक मते पडली तरी विधानसभेत त्याच्या खालचा उमेदवार आमदार होतो. जनतेने निवडले म्हणत अमेरिकेचा दाखलाही देऊ नका. डोनाल्ड ट्रम्प यांना मे 2024 मध्ये ज्यूरीने 34 आरोपांत दोषी ठरवले, जुलैत रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाने उमेदवारीवर शिक्कामोर्तब केले, मतदान झाले नोव्हेंबरात. तिथेही पक्षाला थांबवायची संधी होती.

13 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुम्हाला बजावले: गुन्हे असलेल्याला तिकीट देताना कारण जाहीर करा, आणि ते पात्रता, कामगिरी, गुणवत्ता यांतले असू द्या, निवडून येण्याची क्षमता एवढे कारण चालणार नाही. तुम्ही काय छापता? लोकप्रिय आहेत. समाजकार्य करतात. गुन्हे राजकीय सूडातून दाखल झाले. बिहारच्या निवडणुकीत हा आदेश नीट पाळला नाही म्हणून ऑगस्ट 2021 मध्ये न्यायालयाने पक्षांना दंड केला, कोणाला 1 लाख, कोणाला 5 लाख. एका सभेच्या मांडवाला याहून जास्त खर्च होतो.

आमच्या भागात चारित्र्य ही भाषणातली गोष्ट नाही. चाकण एमआयडीसीत भंगाराचा ठेका, कामगार पुरवण्याचा ठेका, पाण्याचे टँकर यांवर दादागिरी चालते. छोट्या वर्कशॉपवाल्याचा टेम्पो गेटवर अडवणाऱ्यालाच उद्या तुमचे तिकीट मिळाले, तर तक्रार द्यायला पोलिस ठाण्याची पायरी कोण चढेल? या दादागिरीबद्दल आम्ही दिलेल्या निवेदनांवर पोच म्हणून शिक्का मिळाला. उत्तर आजतागायत नाही.

23 मार्चला, हुतात्मा राजगुरूंच्या स्मृतिदिनी, तुमच्यापैकी कोणी ना कोणी भीमेकाठच्या राजगुरुवाड्यावर हार घालायला येते. कोणी म्हणेल, राजगुरूंवरही खुनाचा खटला होताच. होता. पण भगतसिंग, सुखदेव, राजगुरू या तिघांनी माफी मागितली नाही, तारखा लांबवून खुर्ची मागितली नाही. आम्हाला युद्धकैदी मानून गोळ्या घाला, असे त्यांनी फाशीच्या आधी पंजाबच्या गव्हर्नरला लिहिले. राजगुरू तेव्हा 22 वर्षांचे होते. त्यांच्या नावाआड तुमच्या खंडणीखोरांना लपवू नका.

याच महाराष्ट्रात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर 1982 मध्ये बॅ. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. 1986 मध्ये मुलीच्या एम.डी. परीक्षेच्या गुणांवरून न्यायालयाने ताशेरे ओढले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर पायउतार झाले. कोणी तुरुंगात गेले नव्हते. लाज मात्र शिल्लक होती, आणि पक्षांना तिचा धाक होता.

आंदोलनात रस्ता अडवल्याच्या गुन्ह्यांबद्दल मी बोलत नाही. खोटी फिर्यादही होऊ शकते, म्हणून मागणी मोजकी आहे. खून, खंडणी, बलात्कार या प्रकरणांत न्यायालयाने ज्याच्यावर आरोप निश्चित केले आहेत, त्याला एबी फॉर्म देऊ नका. गंभीर गुन्ह्यांत आरोप निश्चित होताच अपात्र ठरवा, अशी शिफारस विधी आयोगाने 2014 मध्येच केली आहे. कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही. तुमची सही रोखायला संसद लागत नाही.

आणि अशाला एबी फॉर्म द्यायचाच असेल, तर कारण वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापू नका. फिर्यादीच्या गावात या, चावडीसमोर उभे राहा आणि त्याच्या देखत ते मोठ्याने वाचून दाखवा.

एक मतदार,
राजगुरुनगर, ता. खेड, जि. पुणे