एआयच्या दुर्घटना कळवणे सक्तीचे करा

मा. श्री. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली

आपल्या मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तूर्त वेगळा कायदा नको, ही त्यांची भूमिका. एआयमुळे घडलेल्या दुर्घटनांची राष्ट्रीय नोंद ठेवावी, ही त्यातली सूचना मोलाची आहे. पण माहिती देण्याची सक्ती नसेल तर त्या नोंदवहीत कंपन्यांना सोयीचे तेवढेच उतरेल. म्हणून गंभीर दुर्घटना कळवणे बंधनकारक करावे, एवढीच या पत्रातली मागणी आहे.

सक्ती आपल्याला नवी नाही. सायबर सुरक्षेची राष्ट्रीय संस्था 'सर्ट-इन'च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला सहा तासांत कळवावा लागतो आणि त्या यादीत एआय यंत्रणांवरील हल्लेही आहेत. म्हणजे यंत्रणेला इजा झाली तर सरकारला कळवायचे. यंत्रणेनेच माणसाला इजा केली तर मात्र तसे बंधन नाही. चॅटबॉटशी झालेल्या संभाषणांनंतर मुलांनी आत्महत्या केल्याचे आरोप अमेरिकेत चव्हाट्यावर आले, ते पालक न्यायालयात गेले म्हणून. एआय कंपनी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले की, तिच्या साधनाचा वापर करून चीन सरकारचे पाठबळ असलेल्या गटाने सुमारे ३० संस्थांना लक्ष्य केले; तेही तिने स्वतःहून सांगितले. लोकांची सुरक्षितता पालकांच्या ऐपतीवर किंवा कंपनीच्या सचोटीवर सोडता येत नाही.

नियमांनी नवउद्योग गुदमरतील, हा आक्षेप पोकळ नाही. १ मार्च २०२४ रोजी मंत्रालयाने पुरेशी चाचणी न झालेल्या मॉडेलसाठी सरकारी परवानगीची अट घातली आणि दोन आठवड्यांत ती मागे घ्यावी लागली. पण तो धडा पूर्वपरवानगीबाबतचा होता. घडलेली दुर्घटना कळवल्याने कोणतेही उत्पादन अडत नाही. एआय उद्योगाचे माहेरघर असलेल्या कॅलिफोर्नियात गव्हर्नर न्यूसम यांनी २०२४ मध्ये कडक विधेयक नाकारले. पण सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनीच सही केलेल्या कायद्यानुसार सर्वांत शक्तिशाली मॉडेल बनवणाऱ्यांना गंभीर घटना १५ दिवसांत कळवावी लागते. लहान कंपन्यांना वगळणारी मर्यादा आपल्यालाही आखता येईल. शिक्षेच्या भीतीने कंपन्या लपवालपवी करतील, हा दुसरा आक्षेप. त्यावर विमान वाहतुकीने उत्तर शोधले आहे: अपघाताची माहिती देणे सक्तीचे, पण तपासाचा हेतू दोषारोपाचा नसून पुढचा अपघात टाळण्याचा. एआयसाठीही शिक्षा चूक झाल्याची नव्हे, ती दडवल्याची असावी.

जानेवारी २०२५ मध्ये आपण एआय सेफ्टी इन्स्टिट्यूटची घोषणा केली. तिला माहिती मागवण्याचे आणि तपासाचे कायदेशीर अधिकार द्या, आणि तिचा वार्षिक अहवाल संसदेसमोर ठेवा. कायद्याचा मसुदा येत्या अधिवेशनात मांडावा, ही नम्र विनंती.

आपला,
एक नागरिक