थंडींतील कढण-भाकरी

मार्गशीर्ष सरत आला कीं पुण्यास खरी थंडी पडूं लागते. पौषांत तर कांहीं रात्रीं पारा १० अंशांच्याही खालीं उतरतो. अशा सायंकाळीं घरीं परतलेल्या माणसास फारसें कांहीं नको असतें. पोटांत कांहीं तरी ऊन व पातळ जावें आणि त्याबरोबर तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकरी मिळावी, म्हणजे झालें. त्याकरितां पांच पदार्थांचें ताट मांडावयास नको, कीं बाजारांतून सुपाची पुडी आणावयास नको. एक पातेलें व एक तवा एवढ्यावर भागतें.

पातेल्यांत शिजावयाचें तें कढण. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत त्यास 'यूष' म्हटलें असून, तूप, मीठ व मसाला घातलेला तो 'कृत' आणि न घातलेला तो 'अकृत', असा भेदही केलेला आहे. तेव्हां कडधान्याचें हें ऊन पाणी आपल्याकडे कांहीं आजचें नव्हे.

थंडीस विशेष मानवतें तें कुळथाचें कढण. वाटीभर कुळीथ निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावेत. दुसरे दिवशीं पांच वाट्या पाणी घालून ते कुकरमध्यें मऊ शिजवावेत व पाणी निथळून घ्यावें. शिजलेल्यांपैकीं दोन चमचे कुळीथ वाटून त्या पाण्यांत कालवावेत, म्हणजे कढणास दाटपणा येतो. मग मीठ, गुळाचा खडा व तीन आमसुलें घालून उकळी आणावी आणि वरून साजूक तूप, जिरें, हिंग व सुक्या मिरचीची फोडणी द्यावी. नारळाचें दूध घालावयाचें असल्यास तें अगदीं शेवटीं घालावें व त्यानंतर कढण उकळूं देऊं नये, नाहीं तर तें फुटतें. उरलेले कुळीथ मात्र टाकूं नयेत. त्यांतील प्रथिनांचा मोठा भाग दाण्यांतच राहतो. म्हणून दुसरे दिवशीं त्यांची उसळ करावी.

वृद्धांसाठीं व लहान मुलांसाठीं मुगाचें कढण अधिक सोपें. अर्धी वाटी मुगाची डाळ किंचित् भाजून चार वाट्या पाण्यांत शिजवावी व रवीनें घुसळावी. आलें, जिरेंपूड, मीठ व तूप घालून पुन्हां एक उकळी आणावी. लिंबू पिळावयाचें तें पातेलें खालीं उतरविल्यावर. लिंबांतील 'क' जीवनसत्त्वामुळें धान्यांतील लोह अंगीं लागण्यास साहाय्य होतें, परंतु उष्णतेनें तें जीवनसत्त्व नाश पावतें. विकतच्या पुडीचा मोह झालाच तर तिच्या पाठीवर मिठाचें प्रमाण वाचून पाहावें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाकांठीं ५ ग्रॅमपेक्षां कमी मीठ सांगितलें आहे, हें ध्यानांत ठेवावें.

आतां भाकरी. भोगीच्या दिवशीं तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरोघरीं होते. परंतु ती केवळ एका दिवसाची मानण्याचें कारण नाहीं. बाजरींत स्निग्धांश बराच असल्यामुळें तिचें पीठ लवकर कडू होतें. याकरितां आठवडाभर पुरेल एवढेंच दळून आणावें. गव्हाच्या पिठांत पाण्याशीं मिळून चिवट होणारें ग्लूटेन असतें. बाजरींत तें नाहीं. म्हणून पाणी कढत घ्यावें. त्यानें पिठांतील पिष्ट कांहींसें शिजून चिकट होतें व भाकरी थापतांना दुभंगत नाहीं. पीठ एका वेळीं एकाच भाकरीचें घ्यावें आणि तळहाताच्या टाचेनें तें लोण्यासारखें होईपर्यंत मळावें. परातींत थापून झाल्यावर पिठाची बाजू वर येईल अशी ती तव्यावर टाकावी व वरून पाण्याचा हात फिरवावा. पाणी सुकत आलें कीं उलटावी, दुसरी बाजू भाजून घ्यावी आणि शेवटीं आंचेवर धरावी. चांगली मळली असेल तर ती टम्म फुगते.

येथवर सर्व सोपें आहे. परंतु अशा भाकरीच्या जेवणांत एक अन्याय दडलेला आहे. तो पिठाचा दोष नसून आपल्या रीतीचा आहे. भाकरी आधीं मळून ठेवतां येत नाहीं आणि खावी तर ती ऊनच. त्यामुळें जी थापते ती सर्वांच्या मागून जेवते.

माझी आई शेवटची भाकरी स्वतःसाठीं थापीत असे. ती लहान असे, कारण उरेल तेवढ्या पिठाची ती व्हावयाची. तोंवर कढण निवालेलें असे, आणि एकटीसाठीं पुन्हां कशाला तापवावयाचें, म्हणून ती तें तसेंच वाढून घेई. कोणीं कांहीं म्हटलेंच तर म्हणे, "मला गारच आवडते." आम्हीं मुलांनीं तें खरें मानलें.

गेल्या पौषांतील गोष्ट. सूनबाई सात वाजतां कचेरींतून आली, हातपाय धुतले आणि शेगडीपाशीं उभी राहिली. मी, चिरंजीव व नातू पानावर बसलों होतों. "आणखी एक टाक हो," असें मींच दोनदां म्हटलें. आमचीं जेवणें होत आलीं तरी तिची स्वतःची भाकरी ताटांत तशीच पडून होती. मी म्हणालें, "अगं, ऊन आहे तोंवर तूं खाऊन घे ना." ती पाठमोरीच म्हणाली, "असूं द्या हो, आई. मला गारच आवडते."

माझ्या हातांतला घांस हातांतच राहिला. शब्द तेच होते. मात्र या खेपेस पानावर बसून ऊन भाकरी खाणारी अजाण मुलगी मी नव्हतें.

दुसरे दिवसापासून आम्हीं रीत बदलली. कढणाचें पातेलें शेवटचें माणूस जेवेपर्यंत मंद आंचेवर झांकून ठेवावयाचें. ज्याचें जेवण आधीं होईल त्यानें उठून परातीपाशीं बसावयाचें, आणि आरंभीं जिनें भाकऱ्या केल्या तिला शेवटची भाकरी दुसऱ्यानें करून वाढावयाची. चिरंजीवांच्या पहिल्या तीन भाकऱ्या तव्यावर पोंचण्यापूर्वींच दुभंगल्या. पाणी कढत नव्हतें, एवढेंच त्याचें कारण. आठवड्याभरांत हात बसला. ज्या दिवशीं सर्वांनींच थकून यावें, त्या दिवशीं आम्हीं भाजणीचीं थालिपीठें करतों. त्यांचें पीठ आधीं भिजवून ठेवतां येतें. दोन तव्यांवर झांकण घालून लावलीं कीं थोड्याच वेळांत सर्वांचीं होतात, आणि सगळीं एकदमच पानावर बसतात.

भगिनींनो, ही कृति आपण आपल्या घरीं अवश्य करून पाहा, आणि ती करतांना आपल्या घरांत शेवटची भाकरी कोणाच्या पानांत पडते, तें एकदां डोळे उघडून पाहा. आमच्या सूनबाईनें त्यानंतर "गारच आवडते" असें एकदांही म्हटलेलें नाहीं. ऊन भाकरीवर लोणी विरघळूं लागलें कीं ती क्षणभर कांहीं न बोलतां नुसती पाहात बसते. तें दिसलें कीं मला माझी आई आठवते. तिला एक तरी भाकरी ऊन वाढावयास हवी होती.