श्रमपरिहाराचा सोपा सिद्धान्त

मराठी लोकसाहित्यविचारात ‘श्रमपरिहार’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याची तपासणी करण्याची गरजच कोणाला भासत नाही. जात्यावरच्या ओवीपासून मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानातील भलरीपर्यंत एकच सूत्र लावले जाते : कष्टातून गाणे स्फुरते आणि गाण्याने कष्ट हलके होतात. गाणाऱ्यांचा अनुभव तसा असेलही. परंतु अनुभव म्हणजे कारण नव्हे.

एकोणिसाव्या शतकातील जहाजे पाहावीत. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर शिडाचे दोर ओढताना एक खलाशी कडवे उचली आणि बाकीचे ध्रुपदाच्या आघातावर एकदम दोर खेचीत. आरमारी जहाजांवर मात्र अशा गाण्यांना सामान्यतः मज्जाव होता. तेथे काम शिटीच्या इशाऱ्यावर, फार तर फिडलच्या सुरावर चाले. दोर तेच, समुद्र तोच. मग एकीकडे गाणे आणि दुसरीकडे मौन का? आरमाराकडे तोफांसाठी भरलेली शेकडो माणसे होती आणि हुकूम ऐकू येणे ही तेथील पहिली गरज होती. व्यापारी मालक खर्च वाचविण्यासाठी माणसे कमी ठेवी. ती उणीव गाणे भरून काढी. अर्थात गाणे केवळ श्रमातून नव्हे, तर श्रमाच्या व्यवस्थेतून जन्मते.

भलरीतही एक जण सांगतो, इतर झेलतात आणि कापणीचा वेग राखला जातो. रान दुसऱ्याचे असेल तर त्या वेगाचा लाभ कोणाला? ‘परिहार’ या शब्दाखाली हा प्रश्नच गाडला जातो. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’ने ओव्या जतन केल्या, हे ऋण मोठेच. पण त्यानंतरही आपण भाऊ, माहेर, विठ्ठल अशी विषयवारीच करीत राहिलो. पहाटे जाते ओढण्याची पाळी कोणाची, हे विचारले नाही.

सोलापुरात १८७७ साली कापडगिरणी सुरू झाली. यंत्रमागाची लय कामगाराच्या श्वासाची नसते. तेथे कष्ट कमी नव्हते; परंतु हात जुळविण्यासाठी गाण्याची गरज उरली नाही. याच जिल्ह्यातील बार्शीचे शाहीर अमर शेख (१९१६-१९६९) गायले ते कामगारांच्या सभांतून. गाणे कामावरून उठून कामाच्या अटींविषयी बोलू लागले. या स्थलांतराचा उलगडा श्रमपरिहाराच्या सूत्राने होत नाही.

तेव्हा संकलकाने शब्दांबरोबर अवजार कोणते, हात किती, कडवे कोण उचलतो आणि मजुरी कोण देतो, हेही टिपले पाहिजे. एरवी आपल्या हाती लागतात ते गाण्याचे शब्द, श्रमगीत नव्हे.