बाळाचे हातपाय आखूड, मग दोष आईचाच कसा?

सोनोग्राफीत बाळाचे हातपाय आखूड दिसले की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" हा प्रश्न चुकीचा तर आहेच, शिवाय क्रूरही आहे. तो विचारू नका आणि कोणाला विचारू देऊ नका.

कारण समजून घ्या. गर्भात हातापायांची हाडे सुरुवातीला हाडे नसतातच. तिथे पेशी दाटीने एकत्र येतात, त्यांच्यात सॉक्स-९ हे जनुक काम सुरू करते आणि कूर्चा बनू लागते. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागात बोटांना लागते तसा लवचिक भाग. दुसऱ्या महिन्यातच हाडांचे हे कूर्चेचे साचे तयार होतात. पुढे त्यांचे हाड होते आणि टोकांशी उरलेली कूर्चा हाडाची लांबी वाढवते.

ही वाढ आवरण्यासाठी एफजीएफआर-३ या जनुकाचा ब्रेक असतो. अकॉन्ड्रोप्लेझियामध्ये या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते आणि ब्रेक सतत दाबलेला राहतो. हे १९९४ साली सिद्ध झाले. असा बदल गर्भ राहतो त्या दिवसापासूनच असतो. मग सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचा संबंध येतोच कुठे?

आणखी एक गोष्ट. अशा सुमारे ८० टक्के बाळांचे आईवडील नेहमीच्या उंचीचे असतात. त्यांच्यात हा बदल नव्याने झालेला असतो आणि तो जवळजवळ नेहमी वडिलांच्या शुक्रजंतूत होतो. म्हणून आता वडिलांना धारेवर धरू नका. पेशी जनुकांची नक्कल करताना झालेली ती चूक आहे, कोणाचा गुन्हा नाही.

"पण ग्रहण पाळल्याने बिघडतं काय?" बिघडते. गरोदर बाई तासन् तास उपाशी, तहानलेली बसते. आणि पाळले नसेल, तर जन्मभर स्वतःला दोष देत राहते.

पाळायचेच असेल तर हे पाळा: गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घ्या, दारू-तंबाखू टाळा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध घेऊ नका. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन खरोखरच गर्भाच्या कूर्चेला इजा करू शकते. सोनोग्राफीत शंका आली, तर जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

आणि त्या आईला आधार द्या. तिची उलटतपासणी घेऊ नका.