दार ज्याचं, कारभार त्याचा

आई-वडील एका गावात आणि मुलं दुसऱ्यात, ही आता घरोघरची गोष्ट झाली आहे. अशा घरांत हल्ली एक भेट हमखास येते, स्मार्ट कुलूप. घेताना सगळी चौकशी होते ती कुलपाची. बोटाचा ठसा घेतं का, कोड किती ठेवता येतात, सेल किती महिने चालतात. पण हे कुलूप ज्याच्या हुकमात राहणार त्या कंट्रोलरची चौकशी सगळ्यात शेवटी होते, किंवा होतच नाही. माझं म्हणणं असं आहे की आधी कंट्रोलर ठरवावा, आणि त्याच्याही आधी तो कोणाच्या हाती राहणार हे ठरवावं.

हा विचार माझ्या मनात पक्का झाला तो लखनौच्या आलमबागेत. माझे मामा-मामी तिथे राहतात. चारबाग स्टेशनावरून कानपूर रोडला लागलं की मेट्रोच्या पुलाखालून जाता जाता आलमबाग येतं. वाजिद अली शाहच्या काळात इथे बाग आणि वाडा उभा राहिला, १८५७ च्या लढाईत त्याचा किल्ला झाला आणि पुढे रेल्वे आली. आजही या भागात रेल्वेचे कारखाने आहेत, वसाहती आहेत आणि शेजारच्या मानकनगरात आरडीएसओ आहे, म्हणजे भारतीय रेल्वेचं संशोधन आणि मानकं ठरवणारं कार्यालय. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत मामांची सगळी नोकरी सिग्नल विभागात गेली. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत. दाराला नवं कुलूप बसवायचं ठरलं ते मुलांच्या आग्रहाने.

बसवायला आलेला मुलगा हुशार होता, बोलायला गोड. म्हणाला, "अंकल जी, आप फ़िक्र मत कीजिए, सब ऐप में हो जाएगा. भैया के फ़ोन में डाल देते हैं." मामांनी त्याला चहा दिला आणि काम थांबवलं. मग मला म्हणाले, "अगं, दार आलमबागेत आणि त्याचा मालक पुण्याच्या फोनमध्ये, हे मला पटत नाही. आधी सांग, हे बिघडलं तर काय होतं?"

सिग्नलच्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो. रुळांमधून बारीक वीजप्रवाह खेळवलेला असतो आणि त्याच्या जोरावर एक रिले उचललेला राहतो. गाडी आली, रूळ तुटला किंवा वीजच गेली, तरी तो रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. बिघाड झाला की गाडी थांबलीच पाहिजे, अशी ती रचनाच आहे. २०२० मध्ये गाड्यांच्या सुरक्षेची राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेलं 'कवच' आरडीएसओनेच विकसित केलं. त्यात इंजिन आणि स्टेशन रेडिओवरून बोलतात, रुळांमधले आरएफआयडी टॅग गाडीला तिची जागा सांगतात. बिनतारी यंत्रणेवर माणसांचे जीव सोपवायचे असतील, तर बिघाडाच्या वेळी ती काय करेल हे आधी कागदावर लिहावं लागतं.

दाराच्या बाबतीत हे उत्तर दुहेरी असतं. बिघाड झाला तर बाहेरून दार बंदच राहिलं पाहिजे आणि आतून ते हाताने, विजेशिवाय, क्षणात उघडलं पाहिजे. स्वयंपाकघरात आग लागली तर सत्तरीच्या बाईने फोन शोधत बसायचं नसतं. म्हणून आतल्या बाजूला फिरवायची मूठ आणि बाहेरून चालणारी साधी किल्ली, या दोन गोष्टी नसलेलं कुलूप कितीही देखणं असलं तरी घेऊ नये. अलीगढची तालानगरी, म्हणजे कुलपांचं गाव, याच राज्यात आहे. तिथल्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या घडवलेली साधी किल्ली स्मार्ट कुलपातही शिल्लक राहिली पाहिजे.

आता कंट्रोलरकडे येऊ. झेड-वेव्ह या घरगुती उपकरणं जोडण्याच्या बिनतारी पद्धतीत प्रत्येक घराच्या जाळ्याला एक ओळख क्रमांक असतो आणि तो प्रायमरी कंट्रोलर देतो. कुलूप, दिवा, सेन्सर जे काही जोडाल, त्याला तो आपल्या यादीत नंबर देतो. रेशनकार्डासारखंच आहे हे, कार्डाचा नंबर एकच आणि नाव चढवायचा-उतरवायचा अधिकार एकाकडेच. नेहमीच्या पद्धतीत एका जाळ्यात जास्तीत जास्त २३२ उपकरणं बसतात. दुसरे कंट्रोलर असू शकतात, त्यांच्यावरून दिवा लागतो, दार उघडतं, पण नवं उपकरण जोडण्याचा मूळ अधिकार प्रायमरीचा. झिग्बी या दुसऱ्या बिनतारी पद्धतीत हेच काम कोऑर्डिनेटर करतो. हा मुख्य कंट्रोलर जळाला आणि त्याची प्रत ठेवलेली नसेल, तर प्रत्येक उपकरण सोडवून पुन्हा जोडावं लागतं. त्यामुळे खरेदी करताना विचारावं, याच्या आतल्या माहितीची प्रत काढून ठेवता येते का? मामांनी ती पेन ड्राइव्हवर काढून घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवली आहे.

मग बिघाडांची यादी केली. पहिला बिघाड इंटरनेटचा. फायबर तुटली तर दार उघडणार का? हुकूम घरातल्या कंट्रोलरकडून येत असेल तर उघडतं. हुकूम दूरच्या सर्व्हरवरून येत असेल, तर पलंगावरून केलेली विनंती समुद्रापार जाऊन दाराशी परत यायची, आणि मधली एक कडी तुटली की सगळं ठप्प. दुसरा बिघाड विजेचा. लखनौच्या उन्हाळ्यात वीज जाते, घरोघरी इन्व्हर्टर असतात, पण त्यावर पंखे आणि दिवे घेतलेले असतात, राउटरचा प्लग नसतो. कुलूप स्वतःच्या सेलवर जागं असतं आणि त्याला हुकूम देणारा मात्र झोपलेला. मामांनी कंट्रोलर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. इलेक्ट्रिशियनचं थोडंसं काम, पण हे केल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ.

तिसरा बिघाड कंपनीचा, आणि तो लोकांच्या ध्यानातच येत नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व कंपनीचा हब, म्हणजे कंट्रोलरची पेटी, २९९ डॉलरला विकला जात होता. २०१४ मध्ये नेस्ट या दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. हब धडधाकट होते, पण कामाचे राहिले नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर काही न सांगता बंद पडले. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी कंपनी विकत घेऊन ते पुन्हा सुरू केले. ऑगस्ट २०१७ मध्ये लॉकस्टेट या कंपनीने दुरून पाठवलेलं एक अपडेट चुकीच्या मॉडेलवर गेलं आणि सुमारे ५०० कुलपं कोड घेईनाशी झाली. यातली बरीच कुलपं पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या घरांवर होती. तेव्हा दुकानात विचारायचा प्रश्न साधा आहे, कंपनी उद्या बंद झाली तर माझं दार चालेल का? घरातच चालणारे कंट्रोलर आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेलं होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर छोट्या संगणकावर घरातच चालतं. ते थोडं शिकावं लागतं, पण ज्या पेटीला जगण्यासाठी दुसऱ्याचा सर्व्हर लागतो, तिला मी घराचा मुख्य कंट्रोलर करणार नाही.

परदेशात मुलं असलेल्या घरांसाठी एक खास सूचना. मामेबहीण अमेरिकेहून कुलूप आणते म्हणाली होती, आम्ही तिला नको म्हटलं. अमेरिकेत झेड-वेव्ह ९०८.४ मेगाहर्ट्झवर चालतं आणि आपल्याकडे ८६५.२ वर. दोन्ही एकमेकांना ऐकूच येत नाहीत. शिवाय ८९० ते ९१५ हा पट्टा आपल्याकडे मोबाइल फोनचा आहे. परवाना न लागणारा आपला पट्टा २००५ पासून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ होता, तो २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढला. युरोपातलं ८६८.४ सुद्धा त्याच्या बाहेरच पडतं. झिग्बी आणि थ्रेड या बिनतारी पद्धती २.४ गिगाहर्ट्झवर जगभर एकसारख्या चालतात, पण त्याच पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वायफायही असतात, आणि जाड विटांच्या भिंतींतून ती लहर लवकर दमते. कमी मेगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे बरी पोचते. जुन्या, नऊ इंची भिंतींच्या घरात म्हणूनच आम्ही झेड-वेव्ह निवडलं आणि दाराजवळच्या बोर्डावर विजेवर चालणारं एक स्विच मॉड्यूल बसवलं. विजेवरची उपकरणं निरोप पुढे देतात, सेलवरची देत नाहीत. कुलूप सेल वाचवण्यासाठी झोपलेलं असतं आणि सेकंदा-सेकंदाला क्षणभर कान देतं. त्या क्षणी जवळून हाक मारणारं कोणी असलं की दार चटकन ऐकतं.

सुरक्षेचंही बघावं लागतं. झेड-वेव्हच्या जुन्या पद्धतीत, एस-झीरोत, कुलूप जोडताना गुप्त किल्ली ज्या तात्पुरत्या किल्लीत गुंडाळून पाठवली जायची, ती सगळी शून्यंच असायची. एप्रिल २०१७ पासून नव्या उपकरणांच्या प्रमाणपत्रासाठी एस-टू पद्धत सक्तीची झाली. पण २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की जोडणीच्या क्षणी नव्या कुलपाला जुन्या पद्धतीवर उतरवता येतं. म्हणून जोडून झाल्यावर कंट्रोलरच्या पडद्यावर 'एस-टू' लिहून आलंय का ते डोळ्यांनी पाहावं. आमच्याकडे कंट्रोलरने कुलपाचे पाच आकडे मागितले. मामीने चष्मा लावला, खोक्यावरचं लेबल उजेडाला धरलं आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. मामांनी तो टाकला. मग मामीने ते लेबल कापून आपल्या हिशेबाच्या वहीत डकवलं. मला ते फार आवडलं. त्या घराच्या दाराचा मूळ पुरावा तिच्या वहीत आहे.

आता मॅटर हे नवं मानक आलं आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. त्यात एकच कुलूप एकाच वेळी अनेक कंपन्यांच्या कंट्रोलरना जोडता येतं. पहिल्या आवृत्तीपासून त्यात कुलपांचा समावेश आहे. कंपनी बदलण्याची मोकळीक मिळते, हे उत्तमच. पण अनेकांच्या हाती हुकूम देता येतो म्हटल्यावर कोणाकोणाला द्यायचा हा प्रश्न जास्तच टोकदार होतो.

आणि माझ्या लेखी हाच मुख्य प्रश्न आहे. मुलाच्या खात्यावर कुलूप चढवलं की मुलगा मुख्य आणि आई-वडील पाहुणे होतात. कामवालीला कोड द्यायचा तर मुलाला फोन. तो मीटिंगमध्ये असला तर ती दाराबाहेर उभी. आई कधी बाहेर पडली, कधी परतली, दुपारी कोण आलं, याची नोंद दूरच्या शहरात कोणाच्या तरी फोनवर टिंग करून येते. मुलाचा हेतू काळजीचाच असतो, हे मी मनापासून मानते. पण ज्या बाईने चाळीस वर्षं त्या घराचा उंबरा सांभाळला, तिच्या येण्याजाण्याची वही तिला न विचारता दुसऱ्याने ठेवू नये. काळजी घेण्यासाठी पाळत लागत नाही.

मामांनी मुलाला फोनवर शांतपणे सांगितलं, "बाळा, मुख्य खातं आमच्या नावावर राहील. तुला अडीअडचणीला दार उघडायची मुभा आहे. रोजच्या नोंदी तुझ्याकडे येणार नाहीत." मुलाने थोडा वाद घातला आणि मग ऐकलं. कामवालीला सकाळच्या वेळेपुरता चालणारा कोड मामीने स्वतः दिला. साधी किल्ली शेजारच्या घरी आहे.

तेव्हा वाचकहो, क्रम असा ठेवा. दाराआड कोण राहतं ते आधी बघा आणि मुख्य खातं त्यांच्या नावावर करा. त्यांना तंत्र जमत नसेल तर शेजारी बसून शिकवा, त्यांच्या बदल्यात स्वतः मालक होऊ नका. मग इंटरनेटशिवाय, विजेशिवाय आणि कंपनीशिवाय चालेल असा कंट्रोलर निवडा. त्याला जुळणारं, भारतीय फ्रिक्वेन्सीचं, आतून हाताने आणि बाहेरून किल्लीने उघडणारं कुलूप घ्या. रंग, आकार, बोटाचा ठसा हे त्यानंतर. भेट द्यायचीच असेल तर आई-वडिलांना त्यांच्या दाराचा पूर्ण अधिकार द्या. तो नसेल तर सगळ्यात महाग कुलूपसुद्धा त्यांच्या उपयोगाचं नाही.